तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीतली जळालेली साउंड सिस्टिम पुन्हा का बसवली

"कंपनीचा टेप चांगला वाजत होता की, तो काढून चाळीस हजार कशाला घातलेस?" हा प्रश्न माझ्या गाडीत बसणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. जुलै २०१९ नंतर त्याला दुसरा प्रश्न जोडला गेला आहे: "गाडी पेटता पेटता वाचली, तरी पुन्हा तेच बसवलेस?" इतकी वर्षे मी दोन्ही प्रश्न एका वाक्यात उडवून लावत आलो. आता एकदा नीट सांगतो.

पहिली गोष्ट अशी की टेप मी काढलेलाच नाही. डॅशबोर्डमधला कंपनीचा डेक आजही जागच्या जागी आहे. बदलले ते दारांतले स्पीकर आणि नवा आला तो समोरच्या डाव्या खुर्चीखालचा चार चॅनेलचा अँप, म्हणजे स्पीकरना ताकद पुरवणारा अँप्लिफायर. दुसरी गोष्ट, अँप म्हटले की कोल्हापुरात लोकांच्या डोळ्यांसमोर मिरवणुकीतला डॉल्बी उभा राहतो आणि याला काचा हादरवायच्या आहेत असे गृहीत धरले जाते. मला मोठा आवाज नको होता. मी लहानपणी आठ वर्षे तबला शिकलो आहे. कामानिमित्त महिन्याला दोनेक हजार किलोमीटर गाडी चालवतो, आणि राजारामपुरीतल्या आमच्या तीन खोल्यांत निवांत काही ऐकावे अशी वेळही नसते आणि जागाही नसते. गाडी हीच माझी ऐकण्याची खोली आहे. त्या खोलीत गाडीने साठचा वेग घेतला की डग्गा नाहीसा होत असे. टायरचा आणि रस्त्याचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो, त्यामुळे तो सर्वांत आधी डग्ग्याचा घुमारा गिळतो. चाट, म्हणजे तबल्याच्या काठावरचा बोल, तेवढी टिकटिकत राहते. तबला शिकलेल्या माणसाला ते किती खुपते, हे मला कधीच समजावून सांगता आलेले नाही.

आवाज वाढवावा तर तो फाटत असे. डेकवर पन्नास वॅट गुणिले चार असे लिहिलेले असले, तरी तो क्षणभराचा कमाल आकडा असतो. इंजिन चालू असताना गाडीत विजेचा दाब सुमारे १४ व्होल्ट असतो, आणि तेवढ्या दाबावर चार ओहमच्या स्पीकरला डेकमधून स्वच्छ अशी वीसेक वॅटच ताकद मिळते. त्यापुढे बटण फिरवले की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात, आणि तो कापलेला आवाज कानालाही टोचतो व ट्विटरलाही, म्हणजे वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरलाही, घातक ठरतो. वेगळा अँप हाच दाब स्वतःच्या आत वाढवून घेतो, म्हणून त्याला मोकळेपणाने वाजता येते. हे सारे मी २०१८ मध्ये वाचून, विचारून, वह्यांत लिहून ठेवले होते. फक्त एक गोष्ट मी गांभीर्याने घेतली नाही, आणि ती म्हणजे वायर.

काम करणाऱ्याने मला दोन वायरिंग किट दाखवले होते: एक साडेचार हजारांचे, शुद्ध तांब्याचे, आणि दुसरे बाराशेचे. स्पीकरवर मी खळखळ न करता पैसे मोजले, पण वायर तर गालिच्याखालीच जाणार, ती कोण बघतो, असे म्हणून बाराशेचे किट मीच निवडले. त्या जाडजूड लाल वायरीत आवरणच अधिक होते, आणि आत तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम होते.

जुलै २०१९ मधल्या त्या संध्याकाळी आम्ही गगनबावड्याहून परत येत होतो. आई पुढे डाव्या खुर्चीवर होती, नऊ वर्षांची मुलगी मागे झोपली होती आणि पाऊस इतका होता की मी गाणी बंद ठेवली होती. साळवणच्या अलीकडे आईचे गुडघे आखडले, म्हणून तिने खुर्ची मागे सरकवली. दोन-तीन मिनिटांत ती म्हणाली, "काहीतरी करपतंय बघ." मला वाटले, बाहेर कुठे टायर जाळत असतील. मग तिच्या पायांजवळून धूर आला. मी गाडी कडेला घेऊन चावी बंद केली, पण धूर थांबला नाही, आणि त्या क्षणी मला कळले की तो थांबणार नाही. अँपची वायर थेट बॅटरीवरून येते. गाणी बंद असोत, चावी काढलेली असो, तिच्यात वीज असतेच. आई आणि मुलगी छत्रीशिवाय रस्त्यावर उभ्या राहिल्या. मी बॉनेट उघडले, पण बॅटरीचे टर्मिनल सोडवायला माझ्याकडे पाना नव्हता. मागून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोच्या चालकाने माझे हातवारे पाहून गाडी थांबवली, दहा नंबरचा पाना आणला आणि मायनसची वायर स्वतःच काढली. तोवर पायांखालचा गालिचा वितळून पत्र्याला चिकटला होता. हे सगळे पाच मिनिटांतले असेल. मुलगी रडत नव्हती. ती नुसती आजीचा पदर घट्ट धरून उभी होती. आणि आई पुनःपुन्हा एकच विचारत होती: "मी खुर्ची मागं सरकवली म्हणून झालं का रे हे?"

दुर्दैवाने ते अक्षरशः खरे होते, आणि तरीही त्यात तिचा कणभर दोष नव्हता. वायर दाराच्या उंबऱ्याखालून न्यायची सोडून खुर्चीच्या रुळाखालून नेली होती. रूळ सरकला, आवरण कापले गेले, आतला धातू बॉडीला टेकला. फ्यूज होता, पण तो अँपपाशी होता. मुख्य फ्यूज अँपला वाचवण्यासाठी नसतो, तो वायरीला वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा. बॅटरी ते फ्यूज या टप्प्यात वायर कुठेही बॉडीला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडत राहते आणि तिला अडवणारे काही उरत नाही. दुकानदाराने म्हटले, "तुम्हीच स्वस्तातलं सांगितलंत." मी म्हटले की स्वस्त किट मागितले म्हणजे धोकादायक काम मागितले असे होत नाही. आजही माझे म्हणणे तेच आहे. परंतु त्या बाराशेच्या निवडीवर माझे बोट होते, हेही तितकेच खरे. सर्व्हिस सेंटरने डेकमागच्या कापलेल्या वायरी दाखवून इलेक्ट्रिकलची वॉरंटी नाकारली, आणि त्यांच्याशी भांडायला माझ्याकडे शब्द नव्हते.

मग पुन्हा का बसवली? वर्षभर बसवली नव्हती. नंतर उद्यमनगरातल्या एका इलेक्ट्रिशियनकडे गेलो, जे आयुष्यभर ट्रक आणि ट्रॅक्टरचे वायरिंग करत आले आहेत. त्यांनी आधी तांब्याची वायर, बॅटरीजवळ चाळीस अँपिअरचा फ्यूज आणि इंजिनमागच्या पत्र्याच्या भोकात वायर घासू नये म्हणून रबरी कडे (ग्रोमेट), एवढेच काम केले आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी रंग खरवडून उघड्या पत्र्यावर अर्थिंग घेतले. डेकमागे या वेळी काहीही कापले नाही, कपलरला कपलर जोडला.

त्याच वेळी मी दारांचेही काम करून घेतले, आणि इथे माझे २०१८ मधल्या माझ्याशी भांडण सुरू होते. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोके असतात. त्यांतून स्पीकरच्या मागची लहर पुढे येऊन पुढच्या लहरीला मारते, आणि त्यात प्रथम खालचे सूरच जातात. ती भोके बंद केली, पत्र्याला त्याचा कंप दाबणारे ब्यूटाइल रबराचे डॅम्पिंग लावले, तळाची पाणी जाण्याची छिद्रे मात्र आपल्याकडचा पाऊस लक्षात घेऊन मोकळी ठेवली, आणि अँप जोडण्याआधीच, नुसत्या डेकवर, डग्गा ऐकू आला. पूर्ण नाही, पण आला. म्हणजे अँपशिवायही माझे भागले असते का? तेव्हाचा मी म्हणतो, नाही. ऐंशीच्या वेगाला तो पुन्हा गेलाच असता. आत्ताचा मी म्हणतो, मग सत्तरने जायचे होते. मी अँप ठेवला आहे. तो ठेवणे बरोबर होते की नाही, यावर माझे मन आठवड्याला बदलते.

आईला मी फ्यूज दाखवला, उंबऱ्याखालून गेलेली वायर दाखवली, खुर्ची पुढे-मागे सरकवून दाखवली. तिने सगळे शांतपणे पाहून घेतले. तरी अजूनही गाडीत बसल्यावर तिचा हात खुर्चीखालच्या दांडीवर थांबतो आणि ती विचारते, "सरकवू का?"