साकु, साकु

पोरीचा फोन आला तेव्हा मी बेळगावच्या रविवार पेठेत दुकानावर होतो. "बाबा, घरी दोघे राहायला येणार आहेत. रागावू नका." मला वाटलं कॉलेजच्या मैत्रिणी असतील. पाहुण्यांसाठी म्हणून येताना अर्धा किलो कुंदा, आमच्याकडची दुधाची मिठाई, बांधून घेतला. घरी येऊन बघतो तर टीव्हीशेजारी दोन मजली पिंजरा आणि पिंजऱ्यात पाहुणे. उंदीर! तिच्या वर्गातल्या एका मुलाला बेंगळूरला नोकरी लागली, तिथल्या घरमालकाला उंदीर चालेनात, म्हणून ते आमच्याकडे दत्तक.

कुंदा दोन दिवसांत संपला, नाव मात्र एकाला चिकटलं. रंगही तसाच, आटवलेल्या दुधाचा. गडी नर आहे, पण कुंदा नावाची आमची एक आत्याही आहे आणि तिला हे अजून कुणी सांगितलेलं नाही. दुसरा करदंट. गोकाकचा करदंट, सुक्यामेव्याची चिवट मिठाई, जसा दाताची परीक्षा बघतो, तसा हा माणसाची बघतो.

आमचं दुकान धान्याचं, आजोबांपासूनचं. पोत्याच्या कोपऱ्याला भोक आणि खाली तांदळाची रांगोळी, हे बघत मी मोठा झालो. दुकानातही पिंजरा होताच. लाकडी फळीवर तारेचा, आत आकडा, आकड्याला सुक्या खोबऱ्याची फाक नाहीतर करपलेल्या भाकरीचा तुकडा. रात्री 'खट्ट' वाजलं की आजोबा झोपेतच म्हणायचे, "पडला एक." सकाळी तो पिंजरा उचलून नाल्यावर न्यायचं काम माझ्याकडे असायचं. पुढचं लिहीत नाही.

त्यामुळे बातमी पेठेत पोचली तेव्हा समोरचे मिरचीवाले म्हणाले, "काय हो, इतकी वर्षं पिंजरा लावून मारलासा, आता पिंजरा आणून पाळलासा?" मी हसलो. उत्तर काही सुचलं नाही.

घरात आज्जीचा वेगळाच विरोध होता. तिच्या सासूनं प्लेग बघितलेला. मुंबईत तो १८९६ साली आला आणि पुढं आमच्या मुलखातही शिरला. घरात उंदीर मरून पडला की माणसं दाराला कुलूप घालून शेतात खोपी टाकून राहायची. "उंदीर पडला" हे दोन शब्द आज्जी अजूनही आवाज खाली करून म्हणते. नात तिला समजावत होती, की तो रोग पसरवण्यात काळे घरउंदीर आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवा पुढं होत्या. हे तपकिरी उंदरांच्या कुळातले, पिढ्यान् पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेले. आज्जीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेपूट आहे न्हवं?"

मला स्वतःला आधार सापडला तो एका इंग्रजाचा. राणी व्हिक्टोरियाच्या काळात लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा एकजण राणीसरकारचा उंदीर पकडणारा म्हणून मिरवायचा. पकडलेल्यांत कुणी वेगळ्या रंगाचा निघाला की हा त्याला न मारता पाळायचा, त्याची पिल्लावळ वाढवायचा आणि हौशी बायकांना विकायचा. म्हणजे धंदा मारायचा आणि हौस पाळायची, असा माणूस आधीच होऊन गेलाय. मिरचीवाल्यांना हे सांगायला हवं होतं.

पण हौस माझ्या एकट्याची असून काय उपयोग? त्या दोघांना कुठं होती! पहिले चार दिवस त्यांनी तोंडच दाखवलं नाही. रात्री नुसती खुसफुस. पाचव्या दिवशी मी मोठ्या प्रेमानं जाळीतून बोट आत घातलं आणि करदंटानं ते तितक्याच प्रेमानं चावलं. "त्यांची नजर अधू असते बाबा, जाळीतून आत आलं ते खाऊच वाटतं," पोरगी म्हणाली आणि डेटॉल आणायला गेली. त्याच सकाळी कुंदाच्या डोळ्याखाली लाल दिसलं. रक्त समजून मी डॉक्टरांना फोन करायला निघालो. ते रक्त नव्हतं. उंदराच्या डोळ्यामागच्या ग्रंथीतून लालसर स्राव येतो आणि जीव घाबरला, दमला किंवा आजारी पडला की तो जास्त पाझरतो. लाल रडणं म्हणा. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस एकटं सोडा, जागा बदललीय त्याची.

ज्या मुलाकडून आले त्याचा फोनवरून सल्ला होता: सरळ उचला, शर्टाच्या आत सोडा, वीस मिनिटांत गप्प होतात. मी तेही केलं. करदंट खरंच गप्प झाला, पण दगडासारखा. पोटाशी त्याचं काळीज असं धडधडत होतं, की नाल्यावरची वाट आठवली. शर्ट भिजला तो वेगळाच. पिलांना चालत असेल तो उपाय. एकदा घर सुटलेल्या मोठ्या जनावरावर करू नये असं माझं मत झालं.

मग पोरीच्या पद्धतीनं. लाकडाचा भुसा काढून टाकला, कारण त्याची धूळ त्यांच्या फुप्फुसांना सोसत नाही. त्याजागी कागदाचे तुकडे आणि माझं दोन दिवस घातलेलं बनियन. धुतलेलं नव्हे, वासच ओळखायचा असतो त्यांनी. हात वरून न्यायचा नाही, कारण वरून येते ती घार. हात खालून, तळवा उघडा, आणि दार कायम उघडं. चमच्याला दही लावायचं. शेंगदाणा असला की तो पळवून कोपऱ्यात नेता येतो. दही चाटायचं तर तिथंच थांबावं लागतं. हे ऐकून मला मौज वाटली. गिऱ्हाईक दुकानात थांबावं म्हणून आम्हीही चहा सांगतो की.

रोज रात्री साडेनऊला मी जमिनीवर मांडी घालून बसायचो. शेजारच्या अक्कांना पहिल्यांदा वाटलं, मी ध्यानाला बसतोय. त्या कन्नड, आमच्याशी अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलतात. विरजण मागायला आल्या आणि किंचाळल्या, "अय्यो, इली!" नंतर मात्र खुर्ची ओढून बसायला लागल्या. कुंदा चमच्यापर्यंत आला, दोन चाटे घेतले, की मला हाव सुटायची. तळवा अजून चार बोटं पुढं. लगेच अक्का म्हणायच्या, "साकु, साकु." पुरे. आणि त्या दिवशीचं बसणं तिथंच संपायचं, कुंदा घाबरायच्या आधी. एकदा सहज म्हणाल्या, कन्नडात पुरे म्हणजेही साकु आणि पाळण्यालाही साकुच म्हणतात, पाळलेलं जनावर ते साकुप्राणी. जन्म बेळगावात गेला, दिवसाला पन्नास वेळा हा शब्द कानावर पडतो आणि एवढं माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आषाढातल्या एका रात्री करंट गेला. बाहेर पाऊस, आत गुडूप अंधार. मेणबत्ती शोधायला उठावंसं वाटेना, तसाच तळवा उघडा ठेवून बसलो. थोड्या वेळानं मनगटाला काहीतरी लागलं, कोळ्याच्या जाळ्याइतकं हलकं. मिशा. मग चार गार पावलं, एकेक करून, तळव्यावर. पुढच्या पायाची बोटं इतकी बारीक की भाताच्या लोंब्या टेकवल्यासारखी वाटली. मला वाटलं कुंदा. करंट आला तर करदंट.

त्यानंतर तो बाहीत शिरायला लागला. एकदा मानेशी बसून दात घासायला लागला, कुरकुर कुरकुर, आणि डोळे बटणासारखे बाहेर येऊन थरथरायला लागले. मी ओरडलो, "अगं ये लवकर, हा चालला!" पोरगी हसून लोटपोट. जबड्याचा स्नायू डोळ्यामागून जातो, म्हणून दात घासले की डोळे हलतात; आणि असा निवांत बसून घासत असेल तर तो खूश असतो, म्हणे. त्यांना गुदगुल्या केल्या तर हसतातही. जाक पँकसेप या शास्त्रज्ञानं १९९०च्या दशकाच्या अखेरीस ते यंत्रावर ऐकलं. पन्नास हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज. आपले कान वीस हजारांवर संपतात. तेव्हा दुकानात रात्री कोण कोण हसत होतं, कोण जाणे.

परवा पिंजरा साफ करायला घेतला. बनियन उचललं तर खाली करदंटाचं गोदाम. भाजलेले शेंगदाणे सतरा, चुरमुरे मूठभर, भाकरीचा वाळका कडा, आणि माझ्या शर्टाचं एक बटण. सवयीनं मी माल मोजला. निदान आठवड्याचा साठा होता. म्हणजे रोज रात्री हा माझ्या हाताशी यायचा तो काही उपाशी म्हणून नव्हे. बटण तेवढं काढून घेतलं आणि बाकीचा माल होता तसा परत लावून ठेवला.