लाथ किती उंच मारायची?

"इतकी वर्षं शिकवताय, तर खरं सांगा, खऱ्या मारामारीत या लाथा उपयोगी पडतात का?" माझ्या मार्शल आर्टच्या वर्गात मुलांचं नाव घालायला आलेले पालक हे विचारतात, पट्ट्यामागून पट्टे मिळवलेले विद्यार्थीही विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते. पडतात. पण कंबरेच्या खाली, सरळ रेषेत, आणि समोरच्यानं अजून तुम्हाला धरलेलं नसताना. बाकीच्या लाथाही मी जीव ओतून शिकवते, पण त्यांच्या भरवशावर कुणी अंधारात एकटं जावं असं मला कधीच वाटत नाही.

ताकदीबद्दल शंका नको. एक पाय शरीराच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढा भरतो, हात विसाव्या. शिवाय पायाचा पल्लाही मोठा. अडचण असते ती जमिनीवर राहिलेल्या दुसऱ्या पायाची. लाथ उचलली की सगळा देह एका तळव्यावर तोलला जातो. वर्गात तो तळवा अनवाणी असतो, खाली मॅट असते, अंग गरम झालेलं असतं. बाहेर ओली फरशी, खडी, पायरी, गुळगुळीत तळाची चप्पल, मांडीला घट्ट बसलेली पँट. आणि हल्ला करणारा दोन पावलांवर थांबून पंचाच्या इशाऱ्याची वाट बघत नाही. तो बोलत बोलत जवळ येतो, कॉलर धरतो, ढकलतो, आणि बघता बघता प्रकरण हातघाईवर येतं. तेवढ्या अंतरात डोक्यापर्यंत पाय न्यायला जागा नसते. त्यातून पाय पकडला गेला तर आपण पाठीवर पडतो, आणि कठीण जमिनीवर डोकं आपटणं हा अशा भांडणातला सर्वांत मोठा धोका आहे.

मग स्पर्धांत इतक्या उंच लाथा का दिसतात? नियमांमुळे. तायक्वांदो, म्हणजे लाथांवर भर असलेली कोरियन युद्धकला, 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून पदकाचा खेळ आहे. त्यात डोक्यावरच्या साध्या लाथेला 3 गुण, छातीवरच्या ठोशाला 1. चेहऱ्यावर ठोसा मारायला बंदी, धरून ठेवलं तर दंड. अशा नियमांत पाय वर जाणारच, आणि त्या खेळाडूंचं कसब अफाट आहे. पण बाहेर नेमकं धरलंच जातं आणि ठोसा चेहऱ्यावरच येतो. कराटे जिथं घडलं त्या जपानच्या ओकिनावा बेटावरच्या जुन्या काता, म्हणजे एकट्यानं करायच्या ठरलेल्या हालचालींच्या मालिका, नीट पाहा. लाथा आहेत, पण डोक्यावर जाणारी गोल लाथ, म्हणजे बाजूनं फिरवून मारलेली, जवळपास सापडत नाही.

उंच लाथ माणसाला झोपवत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ऑगस्ट 2022 मध्ये लिऑन एडवर्ड्सनं कमारू उस्मानला यूएफसी या ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या स्पर्धेच्या लढतीत डोक्यावरच्या एका लाथेनं पाडलं. पण ती लाथ पाचव्या फेरीच्या शेवटच्या मिनिटात आली. समोरच्याच्या सवयी वाचायला, हातानं हूल द्यायला एडवर्ड्सला चोवीस मिनिटं मिळाली होती. तुम्हाला तेवढे सेकंदही मिळणार नाहीत.

मांडीवरच्या गोल लाथेबद्दल खूप जण उत्साहानं बोलतात. त्यामागे इतिहासही आहे. 1988 मध्ये लास व्हेगासला अमेरिकन किकबॉक्सर रिक रूफस थायलंडच्या चांगपुअेक किअत्सोंग्रितशी लढला. पहिल्या फेरीत रूफसनं त्याला खाली पाडलं. थाई लढवय्या उठला, मांडीवर लाथा घालत राहिला, आणि चौथ्या फेरीत लढत थांबवावी लागली, कारण रूफसला धड उभं राहवेना. या लढतीचं मला फार अप्रूप आहे. पण स्वसंरक्षणासाठी तिच्यातून वेगळीच गोष्ट घ्यावी लागते. ही लाथ साठत साठत काम करते, पहिल्याच फटक्यात क्वचित. शिवाय ती उलटूही शकते. डिसेंबर 2013 मध्ये यूएफसीच्याच अँडरसन सिल्व्हानं प्रतिस्पर्धी ख्रिस वाइडमनच्या पायावर अशीच लाथ मारली, वाइडमननं गुडघा उचलून ती अडवली, आणि सिल्व्हाच्या नडगीची हाडं मोडली. 2021 मध्ये तशीच लाथ मारताना खुद्द वाइडमनचाही पाय मोडला. पायांवरच अख्खं आयुष्य घडवलेल्या माणसांच्या बाबतीत हे होतं, तर आठवड्याला दोन तास सराव करणाऱ्यानं विचार करायलाच हवा.

म्हणून माझा भर समोरच्या सरळ लाथेवर आहे. अडकलेलं दार पायानं ढकलून उघडतात, तशी. गुडघा आधी वर, मग तळवा किंवा टाच समोरच्याच्या ओटीपोटात किंवा कमरेच्या हाडाशी, आणि मागून सगळं वजन. यात नडगी हाडावर आपटत नाही, पायात बूट असेल तर उलट मदतच होते, आणि पाय लगेच परत जमिनीवर येतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती दुखण्यावर अवलंबून नसते. दारू प्यायलेल्या किंवा संतापानं पेटलेल्या माणसाला दुखणं उशिरा कळतं, पण ढकललेला देह मागे जातोच. जांघेत मारलेल्या लाथेबद्दल मुली हमखास विचारतात. बसली तर परिणाम होतो, पण पुरुष ती जागा आपोआप सांभाळतात, मांड्या मध्ये येतात. ती एकच युक्ती म्हणून शिकणं मला धोक्याचं वाटतं. गुडघ्याचंही तेच. एका लाथेत गुडघा निखळतो असं सर्रास सांगितलं जातं, पण रिंगणात समोरून गुडघ्यावर लाथा खाऊनही लढवय्ये लढत राहतात. अगदी अंगाला अंग भिडलं असेल तर नडगीवर बुटाची कड, पावलावर टाच, किंवा सरळ गुडघा वापरा.

चाकू दिसला तर लाथेचा विचार डोक्यातून काढा. हातातलं शस्त्र पायानं उडवणं खऱ्या जगात जमत नाही, आणि मांडीतून मोठी रक्तवाहिनी जाते. पळा. पळता येत नसेल तर मध्ये खुर्ची, बॅग, जे मिळेल ते धरा.

पडल्यावर मात्र पाय खरंच कामाला येतात. 1976 मध्ये टोकियोत जपानी कुस्तीगीर अंतोनियो इनोकी जवळजवळ सगळा वेळ पाठीवर पडून मुष्टियोद्धा मुहम्मद अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. पंधरा फेऱ्या झाल्या, निकाल बरोबरीचा लागला. प्रेक्षक चिडले, पण अलीसारख्या माणसाला धड ठोसे मारता आले नाहीत आणि त्याचे पाय सुजले. पडलात तर पाय समोरच्याकडे वळवा, त्याला पायांच्या टप्प्याबाहेर ठेवा, आणि संधी मिळताच उठा. इनोकीपुढे एकटा अली होता, तुमच्यापुढे दोघे-तिघे असू शकतात.

समोरचा पडला, तर पुन्हा लाथ मारायची नाही. पडलेल्या माणसाच्या डोक्यावरची लाथ जीव घेऊ शकते, आणि त्या क्षणी तुम्ही स्वतःला वाचवत नसता. यावर मी वर्गात तडजोड करत नाही.

उंच लाथा तरीही का शिकवता, असं पुढे विचारलं जातं. त्यानं कंबर मोकळी होते, एका पायावरचा तोल पक्का होतो. आणि त्या सुंदर आहेत, मला त्या आवडतात. स्वसंरक्षणाचा सराव मात्र मी वेगळा घेते. रोजचे कपडे, पायात बूट, हात उघडे आणि छातीसमोर. जोडीदार पॅड घेऊन काहीतरी बोलत जवळ येतो आणि मध्येच अंगावर येतो. एक सरळ लाथ, आणि लगेच दाराकडे धाव. लाथ झकास बसली आणि विद्यार्थी ती बघत तिथेच उभा राहिला, तर मी त्याला सगळं पहिल्यापासून पुन्हा करायला लावते.