आधी दरवाजे, मग आग: विमानतळ अग्निशमनाचा कोर्स करताना

शहराच्या अग्निशमन दलात काही वर्षं काम केल्यावर मी विमानतळ अग्निशमनाच्या कोर्सला गेलो. होज (पाण्याचा जाड पाइप) धरणं, बीए सेट (पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वास घेण्याचं साधन) लावून धुरात शिरणं, शिडी, दोर हे सगळं अंगवळणी पडलेलं होतं आणि त्याचा उपयोगही झाला. पण कामाचा क्रम मात्र मला नव्याने शिकावा लागला.

इमारतीला आग लागली की आपण आगीचं मूळ शोधतो. इथे गाडी जवळ येताना नजर आधी विमानाच्या दरवाजांवर हवी. कुठले उघडलेत, कुठल्या घसरगुंड्या फुगल्यात, माणसं कुठल्या बाजूला उतरताहेत? त्या बाजूची जमीन आणि विमानाचं धड फेसाखाली ठेवायचं, आग माणसांपासून लांब ढकलायची. आमचे प्रशिक्षक प्रत्येक सरावानंतर पहिला प्रश्न हाच विचारायचे: "दरवाजे किती उघडे होते?" आग केवढी होती, हा प्रश्न बराच नंतर यायचा.

यामागचा हिशेब वर्गात समजला. इंधनाच्या आगीत विमानाचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा साधारण मिनिटभरात वितळून आग आत शिरू शकते. विमानाला प्रमाणपत्र मिळतं तेव्हा निम्म्या दरवाजांतून ९० सेकंदांत सगळे बाहेर पडू शकतात, हे दाखवावं लागतं. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या अ‍ॅनेक्स १४ या विमानतळांच्या नियमावलीप्रमाणे इशारा मिळाल्यापासून पहिली गाडी जागेवर पोचून ठरलेल्या दराच्या निदान निम्म्या दराने फेस मारू लागेपर्यंत तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागू नये, आणि हे वापरातल्या धावपट्टीच्या कुठल्याही बिंदूसाठी. शिफारस तर दोन मिनिटांचीच आहे. म्हणून मोठ्या क्रॅश फायर टेंडरने (विमानतळावरची अग्निशमनाची गाडी) ४० सेकंदांत ताशी ८० किलोमीटरचा वेग गाठावा, अशी अपेक्षा असते. विमानाची लांबी आणि धडाची रुंदी यांवरून विमानतळाची अग्निशमनाची १ ते १० पैकी कॅटेगरी ठरते आणि त्यावरून पाणी, फेस, गाड्या किती हव्यात ते. ही कोष्टकं पाठ करावी लागतात, त्याला पर्याय नाही.

अपघातांचा अभ्यास हा मला कोर्सचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. १९८५ साली मँचेस्टरला उड्डाणाच्या वेळी इंजिनाला आग लागून विमान थांबलं, आणि हलक्या वाऱ्याने ज्वाळा धडावर लोटल्या. ५५ जण गेले, त्यातले बहुतेक धुराने. तेव्हापासून वारा कुठून आहे हे न बघता गाडी लावणं मला जमतच नाही. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोला फेसाने झाकली गेलेली एक प्रवासी मुलगी अग्निशमनाच्या गाड्यांखाली आली. त्या प्रकरणावर आम्ही दुपारभर बोलत होतो. फेस मारल्यावर गाडी हलवायची असेल तर पुढे माणूस चालत गेला पाहिजे, हे माझं ठाम मत त्या दुपारी झालं. आणि २०२४ च्या जानेवारीत टोकियोच्या हानेदा विमानतळावर जळत्या विमानातून सगळेच्या सगळे ३७९ जण बाहेर आले. केबिन क्रूने आगीच्या बाजूचे दरवाजे बंदच ठेवले आणि सुरक्षित तेवढेच उघडले.

मग हॉट ड्रिल, म्हणजे खऱ्या आगीवरचा सराव. पोलादी विमान, गॅसवर चालणारी आग, बाहेर नियंत्रण कक्षात बसलेला माणूस ज्वाळा कमी-जास्त करणारा. चाकाची आग आधी करायला दिली. तापलेल्या ब्रेककडे पुढून किंवा मागून जायचं, आसाच्या रेषेत, म्हणजे चाकाच्या बाजूला, कधीही उभं राहायचं नाही, कारण चाक फुटलं तर तुकडे बाजूला उडतात. सांगायला सोपं आहे, पण होज ओढताना पाय आपोआप जवळच्या वाटेने जातात. ती सवय मोडेपर्यंत प्रशिक्षकांनी आम्हाला पुन्हा पुन्हा मागे पाठवलं.

केबिनमध्ये शिरणं सर्वांत अवघड. बोळ इतका चिंचोळा की पाठीवरचा सिलिंडर सीटच्या हातांना आपटतो. होज सीटच्या पायांत अडकतो, त्यामुळे प्रत्येक वळणावर एक जण मागे ठेवावाच लागतो. दिसत काहीच नाही. हाताने सीटच्या रांगा मोजत पुढे सरकायचं, प्रत्येक सीटवर आणि खालीही चाचपायचं. पाणी थोडं-थोडं, झटक्यात सोडायचं. जास्त सोडलं तर वाफ होते, आणि त्या वाफेत आतला माणूस भाजतो. पंखावरच्या दाराजवळच्या रांगेत सीटखाली सरावासाठी माणसाचा एक पुतळा दुमडून ठेवला होता. माझ्या हाताला आधी त्याचा बूट लागला.

फेसाची चाचणी कंटाळवाणी वाटू शकते, पण सोडू नये. फेस किती पटीने फुलतो आणि त्यातलं चौथा हिस्सा पाणी किती वेळात निथळतं, हे घड्याळ लावून बघायचं. पीएफएएस (फ्लोरिन असलेली, सहज न विघटणारी रसायनं) असलेला जुना फेस आता अनेक ठिकाणी बंद होतोय. फ्लोरिनविरहित नव्या फेसाचा इंधनावर जुन्या फेसासारखा पातळ पापुद्रा बनत नाही, म्हणून तो हलक्या हाताने पसरावा लागतो. टाक्या आणि पाइपही आधी नीट धुवावे लागतात.

रेडिओवर मात्र कडक शिस्त. विमानांची ये-जा नियंत्रित करणाऱ्या टॉवरच्या परवानगीशिवाय धावपट्टीवर चाक टाकायचं नाही, सराव असला तरी. २०२२ च्या नोव्हेंबरात पेरूमधल्या लिमा विमानतळावर, गाडी किती वेळात पोचते याचा सराव चालू असतानाच अग्निशमनाची गाडी उड्डाण घेणाऱ्या विमानासमोर आली आणि आपल्यासारख्याच कर्मचाऱ्यांचे जीव गेले.

शेवटची परीक्षा रात्री झाली. ग्रिड नकाशावरचा चौकोन सांगितला गेला, टॉवरकडून परवानगी मिळाली, गाडी वाऱ्याच्या बाजूने लागली. मी पास झालो. आता इतर स्टेशनांच्या तपासणीत मदत करायला जातो तेव्हा गाडी पोचण्याच्या वेळेची चाचणी आधी न कळवता घ्या, असा माझा आग्रह असतो; टॉवरला मात्र आधी कळवायचंच. सगळे बूट घालून तयार बसलेले असताना घेतलेली वेळ कागदावर छान दिसते, पण जेवणाच्या ताटावरून उठून किती वेळ लागतो ते त्यातून कळत नाही.