गाडी नेमकी कुठल्या देशाची?

गाड्यांबद्दल लिहितो म्हटल्यावर मायलेजच्या खालोखाल मला हाच प्रश्न येतो : "जॅग्वार आता भारतीय म्हणायची की ब्रिटिशच?" कधी जॅग्वारच्या जागी व्होल्वो असते, कधी एमजी. विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेकदा ठरलेलं असतं, माझ्याकडून फक्त शिक्का हवा असतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहूनच टाकतो.

एके काळी हा हिशेब सरळ होता. १९०० साली सुरू झालेली गॉर्डन बेनेट शर्यत देशादेशांत व्हायची आणि गाडीचा प्रत्येक भाग त्याच देशात बनलेला असला पाहिजे असा दंडक होता. १९०१ मध्ये ब्रिटनच्या सेल्विन एज या चालकाची नेपियर गाडी इतकी अवजड निघाली की ब्रिटिश टायर तिला पेलेनात. परदेशी टायर चढवले आणि गाडी बाद! तो नियम आज लावला तर एकही गाडी मैदानात उतरणार नाही.

टोयोटाची २०१९ ची सुप्राच घ्या. नाव जपानी. बॉनेट उघडलं की आतल्या भागांवर बीएमडब्ल्यूचे शिक्के, कारण इंजिन त्यांचं. जुळणी ऑस्ट्रियात, ग्राझला, आणि तो कारखाना मॅग्ना या कॅनेडियन कंपनीचा. तिथेच बीएमडब्ल्यूची झेड-४ बनायची आणि मर्सिडीजची जी-क्लासही बनते. सुट्या भागांच्या मागे लागलात तर शेवट दिसतच नाही. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधले वायरिंगचे कारखाने युद्धामुळे बंद पडले आणि जर्मनीत फोक्सवॅगन, बीएमडब्ल्यूला काम थांबवावं लागलं. गाडीतल्या वायरींचे ते जुडगे बरेचसे हातानेच बांधावे लागतात, त्यामुळे ते काम मजुरी कमी असेल तिकडे जातं. पक्क्या जर्मन गाडीच्या नसा अशा युक्रेनी हातांनी ओवलेल्या असतात.

मग काही जाणकार सांगतात, चासी नंबर बघा. पहिलं अक्षर 'जे' असेल तर जपान, 'डब्ल्यू' असेल तर जर्मनी, 'एल' असेल तर चीन. खरं आहे, पण अर्धंच. लँड रोव्हरची नवी डिफेंडर स्लोव्हाकियात नित्राला बनते, तरी तिचा नंबर 'एसएएल'नेच सुरू होतो आणि तो 'एस' ब्रिटनचा. पहिली तीन अक्षरं बनवणारी कंपनी सांगतात. कारखाना शोधायचा तर पुढे अकराव्या जागेपर्यंत जावं लागतं आणि तिथवर कुणी वाचत नाही.

मालकी बघावी म्हटलं तर मर्सिडीजचे साधारण वीस टक्के शेअर चिनी हातांत आहेत : जवळपास दहा टक्के बीएआयसी या सरकारी मोटार कंपनीकडे आणि तितकेच गीली या दुसऱ्या चिनी मोटार कंपनीचे मालक ली शुफू यांच्याकडे. मर्सिडीजला चिनी म्हणणारा अजून मला भेटलेला नाही. ओपेल तर १९२९ पासून २०१७ पर्यंत अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडे होती. ही सगळी वर्षं ती जर्मनच राहिली आणि पुढे पुढे तर तीच गाडी ब्रिटनमध्ये व्हॉक्सहॉल नावाने ब्रिटिश म्हणून खपत राहिली. आता ती स्टेलँटिसमध्ये आहे. स्टेलँटिस म्हणजे फ्रेंच, इटालियन आणि अमेरिकन कंपन्यांची मोट आणि तिची नोंदणी नेदरलँड्समध्ये. त्या नोंदणीवरून देश ठरवायचा तर फियाट, प्यूजो आणि जीप तिन्ही डच ठरतील.

नावाचा मामला आणखी मजेदार. १९९८ मध्ये व्हिकर्स कंपनीने रोल्स-रॉइसचा मोटार विभाग विकायला काढला. फोक्सवॅगनने ४३ कोटी पौंड मोजले आणि इंग्लंडमधल्या क्रू गावचा कारखाना, बॉनेटवरची ती पंखवाली मूर्ती, पुढच्या जाळीचा आकार असं सगळं पदरात पाडून घेतलं. राहिलं फक्त नाव! ते नाव विमानांची इंजिनं बनवणाऱ्या वेगळ्या रोल्स-रॉइस कंपनीचं होतं आणि तिने ते बीएमडब्ल्यूला ४ कोटी पौंडांत देऊन टाकलं. एकाकडे मूर्ती, दुसऱ्याकडे नाव. शेवटी तडजोड झाली. क्रू आणि बेंटली फोक्सवॅगनकडे राहिली आणि २००३ पासून बीएमडब्ल्यू गुडवुडच्या नव्या कारखान्यात रोल्स बनवू लागली. दोन जर्मन कंपन्या इतक्या हट्टाने ज्या वस्तूसाठी भांडल्या, ती वस्तू म्हणजे ब्रिटिशपणा. कारखाना नवा, मालक परका, तरी गिऱ्हाइकाला ती रोल्स ब्रिटिशच वाटते. त्या वाटण्यासाठीच तो पैसे मोजतो, म्हणून मी त्याला हसत नाही.

सरकारांना मात्र असं वाटून चालत नाही. एप्रिल २०२४ मध्ये अल्फा रोमिओने 'मिलानो' नावाची गाडी आणली. बनणार पोलंडमध्ये, तिखीला. इटलीचे उद्योगमंत्री अडोल्फो उर्सो म्हणाले, पोलंडमध्ये बनणाऱ्या गाडीला मिलानो म्हणता येणार नाही, हा आमच्या कायद्याचा भंग आहे. अनावरणाला आठवडाही झाला नव्हता तोच कंपनीने नाव बदलून 'ज्युनियर' केलं. पुढच्याच महिन्यात लिव्होर्नो बंदरात १३४ फियाट टोपोलिनो जप्त झाल्या. गुन्हा काय, तर मोरोक्कोत बनलेल्या त्या चिमुकल्या गाड्यांवर इटलीच्या तिरंगी झेंड्याचं स्टिकर होतं. फियाट इटालियन, स्टिकर इटालियन, पण गाडी मोरोक्कोची म्हणून झेंडा लावायचा नाही.

पण हीच फूटपट्टी सगळीकडे चालते असं समजू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने चीनमध्ये बनलेल्या विजेच्या गाड्यांवर वाढीव शुल्क लावलं. तिथे प्रश्न एकच, गाडी जोडली कुठे? त्यामुळे शांघायची टेस्ला सापडली, चीनमध्ये बनणारी मिनी सापडली आणि क्युप्राची ताव्हास्कानही सापडली. क्युप्रा हा स्पॅनिश ब्रँड, समूह फोक्सवॅगनचा, गाडी मात्र अनह्वेई प्रांतात बनते, म्हणून तेव्हा तिच्यावर नेहमीच्या १० टक्क्यांवर आणखी २०.७ टक्के लागले. आणि तीनच महिन्यांनी, जानेवारी २०२५ मध्ये, अमेरिकेने इंटरनेटला जोडलेल्या गाड्यांबद्दल नियम काढला तो नेमका उलट्या टोकाने. तिथे गाडी कुठे बनली यावर भागत नाही, कंपनीवर ताबा चीनचा किंवा रशियाचा आहे का, तेही बघतात. २०२७ च्या मॉडेलपासून तो सॉफ्टवेअरला लागू होतो. स्वीडनमध्ये आखलेली, साउथ कॅरोलायनात अमेरिकन कामगारांनी जोडलेली व्होल्वोही गीलीच्या मालकीमुळे या नियमाच्या कचाट्यात येते. कस्टमवाला आणि सुरक्षावाला एकाच गाडीला दोन वेगवेगळे देश देणार आणि आपापल्या कामापुरते दोघेही बरोबर असणार.

इथवर आलो की समोरचा वैतागतो आणि म्हणतो, "ते राहू द्या, तुमचं मत सांगा." माझं मत असं की कंपनी बुडायला लागली की कुठलं सरकार धावतं आणि कारखाना बंद करायचा निर्णय कुठे होतो, या दोन गोष्टी बघाव्यात. सुगीच्या दिवसांत सगळेच देश गाडीला आपली म्हणतात.

२००९ मध्ये जनरल मोटर्सचं दिवाळं निघालं तेव्हा ओपेलसाठी दीड अब्ज युरोंचं तात्पुरतं कर्ज उभं केलं ते जर्मनीने. मालक अमेरिकन, पण रोजगार जाणार होते जर्मनीतले. सप्टेंबर २०२५ मध्ये जॅग्वार लँड रोव्हरवर सायबर हल्ला झाला, उत्पादन कित्येक आठवडे ठप्प झालं, सुटे भाग पुरवणारे छोटे कारखानदार रडकुंडीला आले. तेव्हा दीड अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी दिली ती ब्रिटिश सरकारने. मालक टाटा मोटर्स, २००८ पासून. उलट उदाहरण होंडाचं. स्विंडनमध्ये तिने तीसेक वर्षं गाड्या बनवल्या, साडेतीन हजार माणसं कामाला होती. निर्णय जपानमध्ये झाला आणि जुलै २०२१ मध्ये कारखान्याला टाळं लागलं. ब्रिटनने हळहळ व्यक्त केली. होंडाला ब्रिटिश म्हणायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

या कसोटीला एक भोक आहे, तेही सांगून टाकतो. साब ही स्वीडनची मोटार कंपनी बुडत होती तेव्हा स्वीडिश सरकारने तिचे शेअर घ्यायला साफ नकार दिला आणि २०११ च्या डिसेंबरात तिचं दिवाळं निघालं. पण त्यामुळे साब कमी स्वीडिश ठरते, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिथे मला गिऱ्हाइकाच्या वाटण्याकडेच परतावं लागतं.

तेव्हा जॅग्वार ब्रिटिश, तिचा मालक भारतीय. टाटांचा अभिमान बाळगायला यात काही आडकाठी नाही, तो व्यवहाराचा अभिमान आहे. व्होल्वोला मी अजून स्वीडिशच म्हणतो. गाडी कशी असावी हे गॉथेनबर्गला ठरतं आणि तिचे शेअरही स्टॉकहोमच्याच बाजारात आहेत. पण दहा वर्षांनी हेच म्हणेन याची हमी देत नाही.

एमजीची गोष्ट वेगळी. एप्रिल २००५ मध्ये एमजी रोव्हर कोसळली तेव्हा ब्रिटिश सरकारने आठवडाभराच्या पगारापुरते ६५ लाख पौंड दिले आणि हात वर केले. सामान नानजिंग या चिनी कंपनीने उचललं, पुढे नानजिंगच शांघायच्या एसएआयसी या मोठ्या मोटार कंपनीत गेली. लंडनमध्ये एक डिझाइन स्टुडिओ आहे, जुना अष्टकोनी बिल्ला आहे. निर्णय मात्र शांघायला होतात आणि गाड्याही मुख्यतः चीनमध्येच बनतात. ती चिनी आहे, आणि चिनी म्हणून वाईट मुळीच नाही.