गुरुजींची उधारी

गेल्या शिक्षण परिषदेत एका नव्या शिक्षिकेनं विचारलं, "सर, मुलांनी विचारलेलं आपल्याला आलं नाही तर सरळ 'मला येत नाही' म्हणायचं? मग मुलं डोक्यावर नाही बसत?" हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. चहाची वेळ झाली होती, म्हणून "म्हणायचं की, आणि फळ्यावर उधारी मांडायची" एवढंच बोलून सुटलो. बाई, तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगतो.

२००२ साली मी शिक्षणसेवक म्हणून माण तालुक्यातल्या एका छोट्या गावच्या शाळेत रुजू झालो. मानधन महिना ३ हजार. पुण्याच्या पेठेत वाढलेला मी, डी.एड.चे मार्क चांगले, म्हणून तोराही तेवढाच. पहिल्या वर्षी तपासणीचा निरोप आला आणि मी मुलांना एक युक्ती पढवली. साहेबांनी काहीही विचारलं तरी सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. साहेबांनी प्रश्न विचारले, हातांचं रान उगवलं, मी उजवे हात बघून नावं पुकारली. शेरेबहीत छान शेरा मिळाला. गाडीचा धुरळा खाली बसतो न बसतो तोच दुसरीतली एक पोरगी म्हणाली, "गुरजी, आता कुठला हात वर करायचा?"

मला काही उत्तर सुचलं नाही. "गप बस," म्हणालो.

आपल्या मराठी अंकांनी मुलांना किती छळलंय ते तुम्ही पाहताच. पंचवीस ऐकलं की पोरं आधी पाच लिहितात, मग दोन, आणि ५२ होऊन बसतात. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' आणलं तेव्हा सगळीकडे विनोद झाले. मला हसू नाही आलं. पण सगळ्यात वाईट ती एकोणसाठ-एकोणसत्तरची जोडी. माझ्या तिसरीत धनगराचा एक मुलगा होता. दिवाळीनंतर घर मेंढरांमागं जायचं, हा आजीजवळ राहायचा. एकोणसाठ म्हटलं की हमखास ६९ लिहायचा. एकदा वैतागून विचारलं, "अरे, घरची मेंढरं तरी मोजता येतात का?"

"येत्यात की. तीन ईसा आन् सात."

मी ते तेवीस आणि सात असं ऐकलं आणि ऐटीत फळ्यावर ३० लिहिलं. तो फळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गुरजी, निम्मी कुटं गेली?"

वर्ग हसत सुटला. छडी टेबलावरच होती, आणि तेव्हा शिक्षण हक्क कायदाही आलेला नव्हता. हात तिकडं गेलाही असेल, खोटं कशाला बोलू? पण ती डाव्या हातवाली पोरगी समोरच बसली होती. मी खडू त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "मला ईसानं मोजायला येत नाही. शिकव."

त्यानं खडू बाजूला ठेवला. दशकासाठी बांधलेल्या काड्यांचे दोन गठ्ठे उचलले, जवळ ठेवले. "ही येक ईस." मग दुसरी, तिसरी. वर सात सुट्ट्या काड्या. ६७. मग शेवटच्या गठ्ठ्यातली एक काडी काढून घेतली, सुट्ट्या सातही बाजूला सारल्या आणि स्वतःशीच पुटपुटला, "तीन ईसाला येक कमी... म्हंजी एकुणसाट व्हय?"

एकोण म्हणजे 'एक उणे' हे मी वर्षभर घसा फोडून सांगत होतो. त्याला ते काडीत सापडलं. त्यानं फळ्यावर ५९ लिहिलं. बरोबर.

आता तुमचा वचकाचा मुद्दा. डोक्यावर कुणी बसलं नाही. मात्र त्यात एक मेख आहे. 'येत नाही' म्हणून मोकळं व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच रिकामं तोंड घेऊन वर्गात जायचं, असे शिक्षकही मी पाहिलेत. तो निव्वळ आळस, त्याला प्रामाणिकपणाचं नाव देऊ नये. म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात आम्ही 'गुरुजींची उधारी' लिहायला लागलो. जे मला आलं नाही ते तिथं, तारखेसकट. फेडल्याशिवाय पुसायचं नाही. वाण्याकडं सूट मिळत असेल, इथं नव्हती. पोरं सकाळी प्रार्थनेआधीच तगादा लावायची.

मेंढीच्या डोळ्याची बाहुली आडवी का, हा त्याच मुलाचा प्रश्न आठवडाभर उधार राहिला. आडव्या बाहुलीनं दोन्ही अंगांचं लांबवर दिसतं, चरताना मान खाली गेली तरी डोळा फिरून बाहुली जमिनीला समांतर राहते, लांडगा वेळीच दिसतो, हे शोधून सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजी मागनं गेलं तरी तिला कळतंय ते ह्यामुळंच." त्याला निम्मं आधीच माहीत होतं.

सगळंच मुलांपुढं मांडावं असं मात्र नाही. मुख्याध्यापक झाल्यावर पोषण आहाराचा तांदूळ वेळेत आला नाही की माझी झोप उडायची. ते मी ना मुलांना दाखवलं, ना सोबतच्या तरुण शिक्षकाला. ते लपवणं मला खोटेपणाचं वाटत नाही. तिथं घाबरलेला माणूस कुणाच्याच उपयोगाचा नसतो.

परवा तुम्ही तुमच्या फळ्याचा फोटो पाठवलात. कोपऱ्यात 'बाईंची उधारी', खाली तीन प्रश्न. दोन सोपे आहेत, रविवारपर्यंत फिटतील. तिसरा एका पोरानं वाकड्या अक्षरात स्वतःच लिहिलाय: "बाई तुमी बदली करून जानार का?" तुमचा अर्ज भरून झालाय हे मला ठाऊक आहे. काय लिहू, असं तुम्ही विचारलंत. दोन दिवस झाले, तुमचा मेसेज उघडतो आणि परत बंद करतो.