जुनं घर, नव्या खोल्या आणि मधला सांधा

दिवाळीनंतरचा आठवडा

रान वाळायला लागलं की कोकणात घराच्या कामाची वही उघडते. मेअखेरपर्यंत हातात जेमतेम साडेसहा महिने, त्यातून शिमग्याचे दिवस वजा. पालख्या नाचत असताना गावात गवंडी मिळत नाही, आणि पालखी दारात यायची असेल तर ओटीवर वाळूचा ढीग चालत नाही. जुनं चिरेबंदी घर राखून मागच्या अंगाला दोन खोल्या वाढवायच्या असतील, तर क्रम या दिवसांवरून ठरवावा. नव्या भागाचा पाया आणि खांब शिमग्याआधी, कौलांचं काम एप्रिलात, आणि वळीव गाठायच्या आत घर झाकलेलं.

कागदाचं आधी. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घराच्या आकारणीच्या उताऱ्यावर, लिहिलेलं क्षेत्रफळ टेपने मोजून ताडावं. मागची पडवी बरेचदा त्यात नसते. समुद्र किंवा खाडीलगत घर असेल तर सीआरझेडचा (किनारपट्टी नियमन क्षेत्राचा) नकाशा पाहिल्याशिवाय वास्तुविशारदाला आराखडा काढायला सांगू नये. त्यातल्या ना-विकास पट्ट्यात, म्हणजे नवं बांधकाम जिथे मना असतं तिथे, जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती होते, पुनर्बांधणीही होते, पण जोत्याचं क्षेत्र आणि चटईक्षेत्र वाढवता येत नाही. तिथे वाढीव खोल्यांचा विचार सोडून जुन्याच माजघराची, पडवीची मांडणी बदलावी.

मार्गशीर्ष

लाकूड डोळ्यांनी तपासून कळत नाही. वासा वरून खणखणीत दिसतो आणि भिंतीत शिरतो तिथे आतून पोकळ असतो, कारण चिऱ्यातली ओल नेमकी त्याच टोकाला मिळते. दाभण घेऊन प्रत्येक वाशाचं आणि तुळईचं टोक टोचावं. दाभण सहज घुसली तर ते टोक गेलं. अख्खा वासा बदलायची गरज नसते. कुजका भाग कापून दोन्ही अंगांनी सागाच्या पट्ट्या लावाव्यात, चांगल्या लाकडावर किमान दोन फूट चढतील अशा, आणि आरपार बोल्ट मारावेत. ऐन, किंजळ किंवा फणसाचा जुना वासा टाकून देणं मला पाहवत नाही; तसं लाकूड आता सहजासहजी मिळत नाही.

वाळवीसाठी जमीन आणि भिंत मिळतात त्या रेषेवर दर ३०० मिलिमीटरला १२ मिलिमीटरचं भोक पाडून प्रत्येकात एक लिटर औषध सोडतात. विहीर घराजवळ असेल तर त्या बाजूला हे अजिबात करू नये. जांभा, म्हणजे ज्याचे चिरे काढतात तो दगड, सच्छिद्र असतो, औषध पाण्यापर्यंत जाऊ शकतं.

पौष

आजचं पान सांध्याचं. जुन्या घराला नवा भाग जोडताना जे बिघडतं, त्यातलं बहुतेक इथेच बिघडतं.

जुनी भिंत चौदा ते अठरा इंच जाड, मातीत किंवा चुन्यात रचलेली, आणि तिचं बसायचं ते कित्येक पावसाळ्यांपूर्वीच बसून झालेलं. नवं आरसीसी बांधकाम पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत खाली बसतं. पैसे वाचवायला नवा स्लॅब जुन्या भिंतीवर टेकवला, किंवा नव्या भिंतीचे चिरे दाते काढून जुन्यात गुंफले, की एक भाग बसतो, दुसरा बसत नाही, आणि कोपऱ्यातून तिरकी भेग वर चढते. ती कितीही बुजवली तरी पुढच्या वर्षी उघडते. म्हणून नव्या भागाला स्वतःचे खांब, स्वतःचा पाया, स्वतःची जोत्याची तुळई हवी. दोन्हींमध्ये एक इंच फट सोडावी, आत फोमची पट्टी, बाहेरून लवचीक सीलंट. वरून झाकायची लाकडी पट्टी एकाच बाजूला ठोकावी. दोन्हीकडे ठोकली तर ती चिरते.

खांब जुन्या भिंतीपासून तीन फूट लांब घ्यावेत आणि तुळया पुढे काढाव्यात. भिंतीला चिकटून खोल चर खणला की जुन्या पायाखालची माती सुटते. खणणं टळतच नसेल तर चार-चार फुटांचे तुकडे, एक सोडून एक, आणि एक भरून झाल्यावरच पुढचा.

किनाऱ्यावर काँक्रीट एम-३० या मजबुतीच्या प्रतीखालचं नको. सळईवर ४५ मिलिमीटर आवरण हवं, पण दुकानात कव्हर ब्लॉक (सळईखाली ठेवायचे ठोकळे) बरेचदा २० किंवा २५ चेच मिळतात. म्हणून ४५ चे साच्यात ओतून आधीच तयार ठेवावेत. सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला पाणी साडेबावीस लिटरपेक्षा जास्त नाही, आणि त्यात वाळूतली ओलही धरायची. पसरायला सोपं जावं म्हणून बादलीभर पाणी वर ओतलं जातं, तिथेच पुढचा गंज ठरतो. खाडीची खारी वाळू वापरली तर तो आणखी लवकर येतो. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे उडवते.

फाल्गुन, शिमग्याच्या आधी

छपराचा सांधा पायाहून अवघड. जुनं पाखं (छपराची उतरती बाजू) आणि नवं पाखं समोरासमोर उतरलं की मध्ये पन्हळ येते. ६० चौरस मीटर छपरावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ३००० लिटर पाणी त्या एका पन्हळीत. एक फणसाचं पान अडकलं तरी पाणी कौलांखालून आत वळतं. माझं मत स्पष्ट आहे: पन्हळ टाळता येईल असाच आराखडा करावा. दोन भागांमध्ये पाच-सहा फुटांचा उघडा चौक ठेवावा आणि अरुंद, खाली उतरत्या छपराची वाट जोडून घ्यावी. माजघरात उजेड येतो, वारा खेळतो, आणि नव्या घराची सगळी आधुनिकता त्या चौकात दिसते.

पन्हळ अटळच असेल तर ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील, पंधरा इंच रुंद, दोन्ही काठ कौलांखाली सहा इंच वर चढवलेले, उतार शंभराला एक, आणि टोकाला तुंबलेलं पाणी बाहेर टाकणारं वेगळं तोंड. जस्ताचा साधा पत्रा खाऱ्या हवेत लवकर जातो.

कौलं नुसती रिपांवर (वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्ट्यांवर) ठेवलेली असतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीत हजारो घरांवरची कौलं आणि पत्रे उडाले. वळचणीच्या दोन ओळी, कडेची कौलं आणि आढ्यावरचे कोने (शेंड्याची वळणदार कौलं) स्टेनलेस तारेने बांधून घ्यावेत.

चैत्र

ओटीवर चकचकीत फरशी बसली की दोन पावसांत भिंतीला गुडघाभर लोणा (ओलीबरोबर येणारा क्षाराचा पांढरा थर) येतो. शेणाची जमीन ओल वर सोडत होती. फरशीने ती वाट बंद केली, मग ओल भिंतीकडे वळली. फरशीखाली सहा इंच जाड खडी घालावी, आणि बाहेर भिंतीलगत दीड फूट पट्टा सिमेंटचा न करता गोट्यांचा ठेवावा. पागोळ्यांचं पाणीही त्यात विरतं. चिऱ्यावर सिमेंटचा गिलावा नको. किमान पंधरा दिवस मुरवलेला चुना, तिप्पट वाळू. जुना सिमेंट गिलावा काढला असेल तर भिंत महिनाभर उघडी वाळू द्यावी.

न्हाणीघर, संडास, स्वयंपाकघराचे नळ सगळे नव्या भागात. जुन्या चिऱ्यात पाइपासाठी खाचा पाडू नयेत. विजेच्या तारा भिंतीवरून पाइपातून न्याव्यात. जांभ्या जमिनीत अर्थिंग उन्हाळ्यात कमजोर होतं, ते एप्रिल-मेमध्येच मोजून घ्यावं.

मृगाचा पाऊस

पहिल्या मोठ्या सरीत विजेरी घेऊन माळ्यावर चढावं आणि सांध्याच्या आतल्या अंगाला खालून वर पाहत जावं. ओलावा दिसेल तिथे खडूने रेघ आणि तारीख. गळती जिथे दिसते तिथून शिरत नाही. ती वाशावरून दोन-तीन फूट उतरलेली असते, म्हणून खडूच्या रेघेपासून आढ्याच्या दिशेने शोधत जायचं.