सोळा खाडे

मार्चची पहिली तारीख, रविवार दुपार. आई कालनिर्णयाचं फेब्रुवारीचं पान उलटं धरून, चष्मा नाकावर ओढून मोजत होती. धुणंभांड्याच्या मावशींचा हिशेब तिच्याकडे असतो.

"सोळा खाडे! अठ्ठावीस दिवसांत सोळा!"

मावशी ओट्याशी हात पुसत थिजल्या. "आजी, मी एकदाच गेलेले हो. भाचीच्या हळदीला."

फुल्या माझ्या होत्या.

पन्नाशी उलटल्यावर हाडांची तपासणी झाली. माझ्या रोजच्या चालण्याचं जराही कौतुक न करता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वजन उचलता का?" म्हटलं, भाजीची पिशवी. ती धरत नाहीत म्हणे. आठवड्यातून किमान दोनदा अंगातल्या सगळ्या मोठ्या स्नायूंना काम हवं, आणि त्याच स्नायूंना पुन्हा जुंपायच्या आधी ४८ तास तरी मोकळे द्यायचे. मी उत्साहात मंगळ, गुरु, शनि धरले. रविवार मुद्दाम टाळला. मेगाब्लॉक असला तरी आमचे पाहुणे पोहोचतातच. सकाळी सहा ते साडेसहा, हॉलमध्ये, पाच-पाच किलोचे डंबेल्स, एक कान कुकरच्या शिट्टीकडे. मग आठ-चारची लोकल. एखादा गुरुवार ऑफिसने खाल्ला तर शुक्रवारी उचलते आणि शनिवार सोडते. उधारी एकदम फेडायला गेलं की खांदा धरतो, हे एकदा करून बघितलंय. फेब्रुवारी मात्र बिनचूक गेला होता, त्याचाच हा प्रसाद.

व्यायामाच्या दिवशी खूण करावी, हे मला सुचलंच नव्हतं. कालनिर्णयावर लिहायचं ते न झालेलं, हे लहानपणापासून डोक्यात पक्कं. दूध आलं हे कोण लिहितं?

बुधवारी जिना उतरताना मांड्या बोलत असतात, तरी काहीतरी चुकवल्यासारखं वाटत राहतं. खाडा या शब्दालाच पगार कापल्याचा आवाज आहे.

आमचे बाबा लालबागला गिरणीत होते, साचेखात्यात. तापातसुद्धा खाडा करत नसत. पण तालमीचं निराळं. चाळीच्या मागे तालीम होती आणि शनिवारी तिथे जोर-बैठका बंद. मारुतीला नारळ फुटला की कुस्तीच्या हौद्याची लाल माती खणायला घ्यायची. बाबा फावडं मारायचे, बाकीचे गुठळ्या फोडायचे, मग तिच्यात तेल, ताक, हळद कालवायची. आंबूस, तेलकट असा तो वास चाळीच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत यायचा. आठवडाभर तुडवून माती दगडासारखी झालेली असे. तिच्यावर पाठ टेकली की माणूस कामातून जायचा. मुलींनी हौद्यात उतरायचं नव्हतं. काठावर बसलेलं चालायचं. मी बसायचे आणि बाबांनी मला बघून फावडं उंचावलं की मान वळवायचे, कारण आत घेत नाहीत तर बघायचं तरी कशाला, असा राग.

तालमीतून आले की पितळी पेल्यात दूध. वरची साय बोटाने माझ्या जिभेवर. तो त्यांचा खुराक, आणि दुधाचे खाडे आई कालनिर्णयावर टाकायची, ठळक, निळ्या पेन्सिलीने.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची. पहिले काही आठवडे बाबा तालमीत दोन-दोनदा जायचे, वेळच वेळ होता. मग एकदा. मग फक्त शनिवारी, माती खणायला. का, ते मला तेव्हा कळलं नाही आणि नंतर विचारायचं राहून गेलं.

मावशींना पूर्ण पैसे दिले, हळदीच्या दिवसाचेसुद्धा. त्या गेल्यावर आई मार्चचं पान सारखं करत पुटपुटली, "पुढल्या वेळी लाल पेनने कर बाई तुझं."

"आई, ब्याऐंशीत दुधाचे किती खाडे झाले असतील गं?"

तिने चष्मा काढला. पदराने पुसला.

"खाडे कुठले? दूधच बंद केलं होतं."